खांबेट्यांची टाळी

खांबेटे आता नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर त्यांना न विचारता लिहिता येतंय. असते तर एवढं वाक्य वाचूनच त्यांनी कागद माझ्या टेबलावर परत सरकवला असता आणि म्हणाले असते, "नेनेबाई, शब्द आहेत, वजन नाही." हे 'वजन नाही' ते कशालाही म्हणत. नाटकाला म्हणत, मंत्र्याच्या भाषणाला म्हणत, आमच्या कॅन्टीनच्या उपम्याला म्हणत. एकदा संपादकांनी नवा कोट शिवला, तर त्याच्याकडे खालून वरपर्यंत बघून तेच म्हणाले. संपादक आठवडाभर धुमसत होते.

आमच्या पेपरात ते सव्वीस वर्षं नाट्यपरीक्षणं लिहीत होते आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं पुरवणीची पानं मी लावत होते. म्हणजे त्यांचा मजकूर पहिल्यांदा माझ्या हातात पडायचा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेला. घरी कॉम्प्युटर होता, पण त्यावर ते फक्त पत्ते खेळत. बुटका, ताठ माणूस, बुशशर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. आणि समोर कोणीही असो, 'आपण'. शिपायाला आपण, संपादकांना आपण, अंगावर गाडी घालणाऱ्या स्कूटरवाल्यालाही, "आपल्याला डोळे दिलेत ना देवानं?"

नाटकाला गेले की पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची. पडदा पडला की सगळ्यांच्या आधी बाहेर. रंगपटात जाऊन नटांना भेटायचं नाही, त्यांचा चहा प्यायचा नाही. मोबाइल प्रयोगाआधी बंद करायचा, तो दुसऱ्या दिवशी कधीतरी आठवण झाली की चालू. आणि टाळी वाजवायची नाही. अख्खं नाट्यगृह उभं राहिलेलं असायचं आणि हे मांडीवर हात ठेवून बसलेले. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "टाळी प्रेक्षकाची. त्यानं तिकीट काढलंय. मी फुकटा आहे, मी लिहायचं." एका नावाजलेल्या नटानं स्टेजवरूनच टोमणा मारला होता, पहिल्या रांगेत एक पुतळा बसवलाय म्हणून. खांबेट्यांनी परीक्षणात लिहिलं, "हे वाक्य संहितेत नव्हतं. संपूर्ण प्रयोगात सहज आलेलं तेवढंच."

असा हा माणूस रेसलिंगच्या शोला गेला कसा, तर आमच्या क्रीडा विभागाच्या आगाऊपणामुळे. हडपसरच्या दहाबारा जणांनी टीव्हीवर दाखवतात तसले रेसलिंगचे शो सुरू केले होते. कोणी जिममध्ये ट्रेनर, कोणी कुरिअर पोचवणारा, दोघं हिंजवडीच्या कंपनीत सॉफ्टवेअरवाले. शनिवार-रविवारी हे लोक मुखवटे लावून एखाद्या मंगल कार्यालयात रिंग उभारायचे आणि एकमेकांना उचलून आपटायचे. त्यांचं निमंत्रण आलं. क्रीडा विभागाच्या प्रमुखांनी ते माझ्या टेबलावर फेकलं. "निकाल आधीच ठरलेला असतो त्यात. हा खेळ नाही, नाटक आहे. तुमच्या नाटकवाल्याला पाठवा." सगळे हसले. खांबेटे हसले नाहीत. "नाटकाचाही शेवट ठरलेलाच असतो," ते म्हणाले. "मग माझंच काम आहे." आणि स्वारगेटहून बस धरून गेले की हो!

मला वाटलं, आता सालटी निघणार. मी कागद हावरटासारखे उघडले. तर कर्म माझं, त्यांनी गंभीरपणे परीक्षण लिहिलं होतं. प्रवेश कसे घेतले, प्रकाश कुठे कमी पडला, खलनायकानं न बोलता प्रेक्षकांना कसं चिडवलं. एक चिमटा काढला होता, की मागच्या भिंतीवरची 'शुभविवाह' ही थर्मोकोलची अक्षरं काढायची राहून गेल्यामुळे पहिल्या दोन लढती कौटुंबिक वाटल्या. आणि शेवटी लिहिलं होतं, "'तुफान' हे खलपात्र रंगवणारे कलावंत चालतात उत्तम, बघतात उत्तम. परंतु पडतात तेव्हा पडल्यासारखे वाटत नाहीत. पडण्यात वजन नाही."

छापून आल्यावर पत्रांचा पाऊस पडला. तालमीतल्या जुन्या मंडळींना सगळ्यात जास्त राग आला. ठरवून केलेल्या कुस्तीला ते नुरा म्हणतात आणि त्यांच्यात ती शिवी आहे. एका वस्तादांनी लिहिलं होतं, नुरा कुस्तीचं परीक्षण छापता, लाज कशी वाटत नाही? इंग्रजी पेपरातल्या एका बाईंनी हे सगळं गावंढळ आणि हिंसक आहे म्हणून झोडलं. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी समाजशास्त्र काढलं. यातलं कोणीही एकही शो बघितलेला नव्हता. खांबेट्यांनी वस्तादांना तेवढं उत्तर पाठवलं. "एकानं दुसऱ्याला डोक्यावरून फेकायचं आणि दुसऱ्यानं जिवंत राहायचं, हे दोघांनी मिळून ठरवलेलं असतं. आपण नुरा म्हणा. मला त्यात फार मोठा विश्वास दिसतो." वस्तादांनी पुन्हा पत्र पाठवलं नाही.

पुण्यात वाईट परीक्षण आलं की नट ऑफिसात भांडायला येतात. तुफान आला तो कात्रण घेऊन. संदीप त्याचं नाव, तिशीच्या आतबाहेरचा, हडपसरच्या जिममध्ये ट्रेनर. दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागले इतका रुंद आणि आवाज मात्र एवढासा. "सर, पडण्यात वजन म्हणजे नेमकं काय?" त्यानं विचारलं. "मला प्रॅक्टिस करायचीय."

इतक्या वर्षांत असं विचारायला कोणी आलं नव्हतं. नटांचा चहा न पिणारे खांबेटे त्याला कॅन्टीनमध्ये घेऊन गेले. मीही मागोमाग गेले, ही मजा कोण सोडणार? संदीपनं सगळं समजावून सांगितलं. हनुवटी छातीला कशी लावायची, मार पाठभर कसा वाटून घ्यायचा. आणि त्यांचा एक नियमही सांगितला. खेळताना ओरडणं, कण्हणं, तडफडणं सगळं खोटं असतं, म्हणून खरंच लागलं तर ओळखायचं कसं? तर ज्याला लागलं त्यानं तळहात दोनदा जमिनीवर आपटायचा. बाकी काही करायचं नाही. की लगेच खेळ थांबतो.

खांबेट्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपण पडायच्या आधीच पडायची तयारी करता. मान आधी आत जाते, खांदा आधी सैल होतो. मला पहिल्या रांगेतून दिसतं ते. खऱ्या पडणाऱ्या माणसाला पडायचं नसतं."

"सर, तयारी नाही केली तर मान जाईल."

"ते आपण बघा," खांबेटे म्हणाले. "मी मला दिसलं ते सांगितलं."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. तेव्हा त्यात काही वाटलं नाही. मी दुसरा चहा मागवला होता.

मग दीड-दोन वर्षं हे चाललं. प्रत्येक शोला खांबेटे जायचे आणि प्रत्येक परीक्षणात शेवटी एक ओळ तुफानची. 'पडणं सुधारत आहे.' 'पडणं अद्याप पाठ केलेलं.' संदीप सोमवारी सकाळी ऑफिसच्या फोनवर विचारायचा, "सर, अजून नाही?" हे म्हणायचे, "अजून नाही." फोन ठेवून स्वतःशीच हसायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं, बायको लवकर गेलेली. सोमवारी तो फोन आला नाही तर ते दोनदा माझ्या टेबलापाशी येऊन घड्याळ बघून जायचे. लागला बाई याला लळा, असं मी म्हणाले होते आमच्या प्रूफवाल्या कुलकर्णींना.

तो रविवार आला. चारचा शो, तेच मंगल कार्यालय. शेवटच्या लढतीत तुफानला समोरून खेळणाऱ्या त्याच्या जोडीदारानं खांद्यावर घेतलं, गोल फिरवलं आणि टाकलं. खांबेट्यांनी मला पुढे कितीतरी वेळा सांगितलं, जसंच्या तसं. मान आत गेली नाही. खांदा सैल झाला नाही. संदीप पडला आणि तसाच राहिला. हॉल गप्प झाला. खांबेट्यांना नियम ठाऊक होता, त्यामुळे त्यांनी हाताकडे बघितलं. उजवा तळहात रिंगच्या कडेला, त्यांच्यापासून चार हातांवर होता. तो हलला नाही. एकदाही आपटला नाही. म्हणजे लागलं नव्हतं. म्हणजे हे नाटक होतं, आणि असं पडणं त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं.

खांबेटे उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली.

अहो, मान मोडल्यावर हात हलतो का! पण हे आता मी म्हणते. तेव्हा पंचही हाताकडेच बघत होता आणि तो जोडीदारही. वाकून बघावं असं त्यांच्या मनात आलंही असेल, पण पहिल्या रांगेतला तो माणूस उठून टाळ्या वाजवतोय म्हटल्यावर मागचे सगळे उठले. शिट्ट्या झाल्या, गाणं लागलं, जोडीदाराचा हात वर केला गेला. खांबेटे नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी बाहेर पडले, कारण त्यांना मजकूर द्यायचा होता. रिक्षेत बसूनच त्यांनी लिहायला घेतलं होतं.

ऑफिसात आले तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितलाय. साठी उलटलेला माणूस, पण गाल लाल झालेले. कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "नेनेबाई, वजन आलं." त्यात लिहिलं होतं, "आज प्रथमच पडणं खरं वाटलं. प्रस्तुत परीक्षकानं सव्वीस वर्षांचा नियम मोडला, आणि त्याला खेद नाही." मथळा मी दिला. 'अखेर तुफान पडला!' उद्गारचिन्हासकट. त्या उद्गारचिन्हाबद्दल मला आजही कोणी काही बोलत नाही, आणि बोललेलं मला सोसणारही नाही.

त्यांचा मोबाइल बंद होता. सोमवारी अकराला ऑफिसचा फोन वाजला. खांबेट्यांनी हसतच उचलला. पलीकडे संदीप नव्हता, त्याचा जोडीदार होता.

डॉक्टरांनी सांगितलं, इजा पडतानाच झाली होती, लगेच उचललं असतं तरी फरक पडला नसता. हे खांबेट्यांना त्यांनी सांगितलं, मी सांगितलं, संपादकांनी सांगितलं. खांबेटे म्हणायचे, "शक्य आहे." खांद्यांखाली संदीपला काही हलवता येत नव्हतं आणि पुढेही येणार नव्हतं, एवढंच त्यांना ऐकू आलं होतं.

त्या बुधवारी ते हॉस्पिटलात गेले. जाहीर दिलगिरीचा मजकूर लिहून नेला होता, पुढच्या सोमवारी छापायला. परीक्षण मागे घेत आहे, असा. संदीपला आधी वाचून दाखवणार होते. संदीपच्या मानेला पट्टा होता, बघता येत होतं ते फक्त छताकडे. आवाज ऐकून म्हणाला, "सर, एक नंबर लिहिलंय. मित्रानं वाचून दाखवलं."

"संदीप, मी माफी मागायला आलोय," खांबेटे म्हणाले.

"नको सर. माफी मागितली की ते खोटं होतं ना मग? विथड्रॉ नका करू." आणि पुढे म्हणाला, "माझ्याकडं आता तेवढंच आहे."

बास. त्या एका वाक्यानं त्यांना बांधून टाकलं. चूक केलेल्या माणसाला निदान चूक झाली म्हणू तरी द्यावं! तेही नाही. संदीपला राग आला असता, त्यानं शिव्या घातल्या असत्या, तर खांबेट्यांनी त्या खाली मान घालून घेतल्या असत्या आणि कदाचित जगलेही असते चार वर्षं जास्त. पण त्यानं ते कात्रण लॅमिनेट करून पलंगासमोर टांगून घेतलं. खांबेट्यांनी परीक्षणं लिहिणं बंद केलं. कोणी नाटकाची तिकिटं पाठवली की परत पाठवायचे. दर गुरुवारी दुपारी मात्र स्वारगेटहून हडपसरची बस. जाताना दोन पेरू किंवा पाव किलो चिवडा, आणि संदीपला तो भरवायचा.

मी तीनचारदा त्यांच्याबरोबर गेले. संदीप मोबाइलवर परदेशातले रेसलिंगचे शो लावायला सांगायचा आणि यांच्याकडून परीक्षण मागायचा. "सर, हा कसा पडला?" खांबेटे जवळ धरून बघायचे. कोणी उचललं गेलं की त्यांची मान आपोआप भिंतीकडे वळायची, आवाज झाला की परत यायची. मग ते सांगायचे, "बरा पडला." संदीप हसायचा. "नाही बघितलंत सर तुम्ही. माझ्याएवढा नाही ना पडला?" आणि हे म्हणायचे, "नाही. आपल्याएवढा नाही." परतताना बसमध्ये ते एक शब्द बोलायचे नाहीत. एकदाच, मगरपट्ट्याच्या सिग्नलला बस अडकलेली असताना म्हणाले, "नेनेबाई, मी त्याला म्हणालो होतो, ते आपण बघा." मी खिडकीबाहेर बघत राहिले.

शेवटच्या वेळी गेलो ते त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं म्हणून. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं धड दिसत नव्हतं, तरी गुरुवार चुकवायला तयार नाहीत. शेवटी मी रजा टाकली आणि त्यांचा दंड धरून बसमध्ये चढवलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी झोपेतच ते गेले, त्यामुळे माझं शेवटचं बघणं ते हेच.

संदीप आतल्या खोलीत झोपला होता. आदल्या रात्री ताप होता, आत्ताच डोळा लागलाय, असं त्याची आई म्हणाली. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. या बाई कधी फारशा बोलत नसत. चहा ठेवायच्या, कप उचलायच्या, आतबाहेर करायच्या. त्या दिवशी मात्र त्या आत गेल्या, भिंतीवरचं ते लॅमिनेट केलेलं कात्रण अलगद काढून घेऊन आल्या आणि खांबेट्यांच्या पुढ्यात धरलं.

"सर, मला वाचता येत न्हाई. संदीपला इचारलं तर म्हनतो, चांगलं लिवलंय, बास. येकदा पुरं वाचून दावता का?"

मी म्हणाले, "द्या, मी वाचते, त्यांच्या डोळ्याला पट्टी आहे." खांबेट्यांनी माझ्या हाताला धरून थांबवलं. कात्रण हातात घेतलं, नीट समोर धरलं आणि वाचायला लागले. मी शेजारीच बसले होते, छापलेला मजकूर मला दिसत होता, माझा मथळा दिसत होता. ते वाचत होते ते त्यात कुठेच नव्हतं.

"रविवारी सायंकाळी झालेल्या प्रयोगात संदीप यांची मान मोडली," ते वाचत होते, त्यांच्या त्या परीक्षणाच्या आवाजात. "पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर एक परीक्षक बसला होता. त्याला ते कळलं नाही. पडायची तयारी करू नका, असं त्यानंच या कलावंताला सांगितलं होतं. कलावंतानं त्याचं ऐकलं. माणूस समोर निपचित पडला असताना हा परीक्षक उठला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. त्याच्याकडे बघून सगळ्यांनी वाजवल्या. प्रस्तुत परीक्षक दोषी आहे. त्यानं या कलावंताची आणि त्याच्या आईची माफी मागायला हवी होती. ती त्याला आजवर मागता आली नाही."

एवढं म्हणून ते थांबले. कात्रण उलटं करून मांडीवर ठेवलं. बाई खाली फरशीवर बसल्या होत्या, त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मला वाटलं, आता या उठून आम्हाला बाहेर काढणार. काढलं असतं तरी मी काही बोलले नसते.

"सर, त्यात तसं न्हाई लिवलेलं," त्या म्हणाल्या. "पोरगं कशाला टांगंल मग ते?"

खांबेट्यांनी मांडीवरच्या कात्रणावर तळहात ठेवला.

"मी तितंच व्हते त्या दिशी. तिसऱ्या रांगंत. कदी जात न्हवते, त्यानंच नेलं. पोरगं पडलं तवा माझ्या काळजात चर्र झालं, मी उठाया लागले. तवर तुमी हुबं ऱ्हायला, टाळ्या वाजवाया लागला. संदीप घरी सांगायचा, सर कुनासाठीच टाळी वाजवत न्हाईत, माझ्यासाठी येक दिस वाजवत्याल. मग मला वाटलं, पोरानं आज कायतरी मोटं केलं."

त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"मग मीबी वाजवल्या, सर. त्याला म्हाईत न्हाई. सांगू नका."

खांबेटे खुर्चीवरून खाली उतरले. त्यांना नीट दिसत नव्हतं, चाचपडतच ते बाईंसमोर फरशीवर बसले. सव्वीस वर्षं पहिल्या रांगेत ताठ बसलेला माणूस, पट्टीखालून गाल ओला झालेला. डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं मला आठवलं, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून. आत संदीप जागा होईल म्हणून ती दोघं तोंडावर हात दाबून रडत होती.